रस्त्यावरचा गळा : एडिथ पियाफ आणि यमुनाबाई वाईकर

कलावंताच्या चरित्राला त्याच्या कलेपेक्षा जास्त महत्त्व मिळू लागले की समीक्षेचे काम अवघड होते. त्यातही कलावंत स्त्री असेल, ती गरिबीतून आलेली असेल आणि ती गाणारी असेल, तर तिच्या गाण्याऐवजी तिच्या दुःखाचीच चर्चा अधिक होते. विसाव्या शतकातील दोन गायिकांची आयुष्ये आणि गाणी शेजारी ठेवून हा प्रश्न थोडा तपासून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यांपैकी एक फ्रान्सची एडिथ पियाफ. दुसऱ्या बैठकीच्या लावणीच्या ख्यातनाम गायिका यमुनाबाई वाईकर.

पियाफचा जन्म १९ डिसेंबर १९१५ चा, पॅरिसमधला. यमुनाबाईंची नोंदलेली जन्मतारीख ३१ डिसेंबर १९१५, गाव सातारा जिल्ह्यातील नुनेकळमे. दोघींच्या जन्मांत अवघे बारा दिवसांचे अंतर. फिरस्त्या कुटुंबातल्या मुलीची जन्मतारीख बहुधा पुढे कधीतरी कागदाला लागते. त्यामुळे या बारा दिवसांवर फार भार देण्याचे कारण नाही. अधिक बोलके साम्य वेगळेच आहे. पियाफचे वडील लुई गासिओं हे रस्त्यावर अंगाच्या कसरती करून दाखवणारे खेळकरी होते. यमुनाबाई जन्मल्या त्या कोल्हाटी, अर्थात डोंबारी समाजाचा परंपरागत व्यवसायही तोच : दोरी, बांबू, ढोलकी आणि कोलांटउडी. दोघीही डोंबाऱ्याच्या मुली आहेत. दोघींनीही गाण्याचा पहिला धडा घेतला तो रस्त्यावर, आणि पहिली बिदागी हातात पडली ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खिशातून.

दोन बदनाम शब्द

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्दांचा उलगडा करायला हवा. 'कॅबरे' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातील नाच येतो. पॅरिसच्या कॅबरेत नाच होताच. पण पियाफ जिथे घडली ते कॅबरे म्हणजे टेबले मांडलेली लहानशी खोली, हातभर अंतरावर बसलेले श्रोते आणि मधे उभी राहून गाणारी व्यक्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोंमार्त्रच्या अशा खोल्यांतून आरिस्तीद ब्रुआँ गात असे, आणि त्याच्या गाण्यात पॅरिसच्या गल्ल्यांतली बोली जशीच्या तशी येत असे. पुढे याच प्रवाहातून 'वास्तववादी' म्हणून ओळखली जाणारी गाणी आली. त्यांचे विषय ठरलेले : वेश्या, खलाशी, सोडून गेलेला शिपाई, बंदरावरची खानावळ. फ्रेहेल आणि दामिया या गायिका पियाफच्या आधीच्या पिढीत अशा गाण्यांसाठी नावाजलेल्या होत्या.

'तमाशा' या शब्दाचे आपल्याकडे काय झाले ते सांगायला नको. एखाद्याने चारचौघांत भांडण काढले की आपण 'तमाशा करू नकोस' म्हणतो. ज्या कलेने मराठीला रामजोशी आणि होनाजी दिले, तिचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. वस्तुतः तमाशाच्या विस्तृत कुळात ढोलकीच्या फडाहून वेगळी अशी 'संगीत बारी' आहे, आणि तिच्या मुळाशी बैठकीची लावणी आहे. मोजके रसिक, पेटी आणि तबला-ढोलकीची साथ, आणि बसून, ठाय लयीत, एकेका शब्दाला अदाकारीने उलगडत जाणारी गायिका. पॅरिसच्या कॅबरेला मराठीत प्रतिशब्द शोधायचाच तर तो 'बैठक' हा आहे.

पियाफ : आख्यायिका आणि नोंद

पॅरिसच्या बेलव्हिल भागात बहात्तर क्रमांकाच्या घरावर एक पाटी आहे. पियाफ याच घराच्या पायरीवर जन्मली, असे ती पाटी सांगते. जन्माचा दाखला मात्र तनोँ रुग्णालयाचा आहे. एडिथ हे नाव ठेवले गेले ते त्या वर्षी ऑक्टोबरात जर्मनांनी गोळ्या घातलेल्या इंग्रज परिचारिका एडिथ कॅव्हेल हिच्या स्मरणार्थ. आई स्वतः रस्त्यावर आणि कॅफेंमध्ये गाणारी होती; तिने मुलीला वाढवले नाही. वडील महायुद्धावर होते. मुलगी आधी आईच्या आईकडे आणि मग वडिलांच्या आईकडे, नॉर्मंडीत राहिली. ही दुसरी आजी कुंटणखान्यात स्वयंपाकीण होती असे काही चरित्रे सांगतात, तर ती तो चालवत होती असे इतर सांगतात. लहानपणी काही काळ डोळ्यांच्या विकाराने तिची दृष्टी गेली होती. ती परत आली तेव्हा घरातल्या बायकांनी त्याचे श्रेय संत तेरेझच्या यात्रेला दिले.

पुढे वडिलांबरोबर गावोगाव हिंडणे सुरू झाले. बापाने सतरंजीवर कसरती करायच्या आणि पोरीने गाऊन थाळी फिरवायची. किशोरवयात ती एकटी गाऊ लागली. १९३३ मध्ये तिला मुलगी झाली. ती मुलगी दोन वर्षांची असताना मेंदूज्वराने गेली. त्याच वर्षी, म्हणजे १९३५ च्या शरद ऋतूत, लुई लप्ले नावाच्या कॅबरे-मालकाने तिला रस्त्यावर गाताना ऐकले आणि आपल्या 'जर्नीज' या कॅबरेत आणले. 'पियाफ' हे नाव त्याने दिलेले; पॅरिसच्या बोलीत त्याचा अर्थ चिमणी. दोनच महिन्यांत, डिसेंबरात, पोलिडोर कंपनीने तिचे पहिले ध्वनिमुद्रण केले. एप्रिल १९३६ मध्ये लप्लेचा खून झाला, पोलिसांनी तिची कसून चौकशी केली आणि वृत्तपत्रांनी तिची अब्रू वेशीला टांगली. तिच्यावर काहीही शाबीत झाले नाही.

इथपर्यंतची हकिगत सर्वत्र सांगितली जाते. कमी सांगितले जाते ते यानंतरचे. रेमों आसो या गीतकाराने आणि मार्गरीत मोनो या संगीतकार स्त्रीने तिला अक्षरशः पुन्हा शिकवले : शब्द कसा तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, कोणते गाणे आपले आणि कोणते नाही. १९३७ मध्ये ती पॅरिसच्या 'आ-बे-से' या मोठ्या रंगगृहात गायली तेव्हा तो रस्त्यावरचा गळा राहिला होता, पण त्याला तालीम मिळाली होती. काळा साधा पोशाख, जवळजवळ निश्चल उभे राहणे, प्रकाशात दिसणारे फक्त चेहरा आणि हात. हा साधेपणा गरिबीतून आलेला असेलही. तो टिकवला गेला मात्र जाणीवपूर्वक.

मिशेल एमेरने लिहिलेले आणि तिने १९४० मध्ये गायलेले 'लाकोर्देओनिस्त' हे गाणे उदाहरणादाखल घेऊ. एक वेश्या, तिचा अकॉर्डियन वाजवणारा प्रियकर, तो युद्धावर जातो, आणि ती उरते. पालुपद तेच, पण प्रत्येक कडव्यानंतर ते नव्या अर्थाने येते : पहिल्यांदा सुखाचे, मग आशेचे, आणि शेवटी असह्य. अखेरच्या क्षणी गाण्यातली बाई संगीत थांबवण्याची विनवणी करते आणि साथ खरोखरच तुटते. एकच ओळ तीनदा गाऊन तीन ओळी करण्याची ही कला आहे. लावणी ऐकलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही.

वाई : कोश आणि कंठ

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यापासून दक्षिणेला भोरला यावे, तेथून आंबाडखिंडीचा घाट चढून मांढरदेवीवरून उतरावे, की कृष्णेकाठी वाई लागते. मराठीच्या अभ्यासकाला वाई माहीत असते ती प्राज्ञपाठशाळेची, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची आणि १९६० नंतर तिथे आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशाची. ढोल्या गणपतीचा घाट, संस्कृत पाठांतर, शास्त्रचर्चा. याच गावाचे नाव यमुनाबाईंनी आपल्या नावापुढे लावले आणि ते देशभर नेले. एका गावात ज्ञान कोशात साठवले जात होते आणि दुसरे एक ज्ञान कंठात. दोहोंचे पत्ते जवळजवळ होते. दोहोंची ये-जा मात्र फारशी नव्हती.

यमुनाबाईंचे बालपण आईबरोबर रस्त्यावर गात आणि भिक्षा मागत गेले. लावणीचा पहिला पाठ त्यांना आईनेच दिला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास त्या तमाशाच्या फडात गेल्या. पुढे स्वतःची पार्टी उभी केली. कोल्हाटी समाजातल्या, नाचगाण्याच्या व्यवसायात आलेल्या मुलीपुढे त्या काळी कोणते आयुष्य वाढून ठेवलेले असे, हे किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या १९९४ च्या आत्मकथनाने मराठी वाचकाला दाखवले. 'चिरा उतरणे' हा विधी, मग कुणा 'मालका'चा आधार, तो तुटला की पुन्हा बोर्डावर उभे राहणे, आणि मुलाबाळांसह भावाबापाचे सारे घर त्या एका बाईच्या पायांवर. मिळवती बाईच, तरी घरात शब्द पुरुषाचा. या व्यवस्थेची कठोर चिकित्सा शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात आपल्या लावणीविषयक लेखनात केली. लावणी गाणारीचे शरीर आणि श्रम यांवर जातीची व पुरुषाची मालकी कशी चालते, आणि तीच लावणी चित्रपटातून वा वातानुकूलित नाट्यगृहातून 'महाराष्ट्राची संस्कृती' होऊन येते तेव्हा मूळ गाणारी कशी बाहेर राहते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता.

या सगळ्यातून यमुनाबाई गेल्या, आणि गाण्यात त्यांनी जे कमावले ते तालमीने कमावले. बैठकीच्या लावणीचे तंत्र थोडक्यात असे. गायिका पालुपदाची ओळ घेते. ती एकदा सांगून होत नाही. तीच ओळ पुन्हा, आणि पुन्हा, दर वेळी वेगळ्या अदेने : एकदा केवळ डोळ्यांनी, एकदा पदराच्या टोकाने, एकदा बोटांनी, एकदा नुसत्या स्वराच्या आंदोलनाने. शब्द तेच असतात; अर्थ मात्र रुसव्याचा होतो, मग उपहासाचा, मग आर्जवाचा. लय ठाय ठेवून हे सारे करायचे म्हणजे आवाजावर, तालावर आणि चेहऱ्यावर एकाच वेळी हुकमत हवी. ठुमरीतला बोल-बनाव आणि कथ्थकमधले 'भाव बताना' यांच्याशी तिचे जवळचे नाते आहे. दिल्लीत पंडित बिरजू महाराजांबरोबर यमुनाबाईंची जुगलबंदी झाली, ही गोष्ट त्यांच्याविषयी लिहिणारे सगळेच अभिमानाने सांगतात. ती एक गौरवाची घटना म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती एका शास्त्रीय साम्याची साक्ष आहे. लखनौच्या बैठकीत आणि महाराष्ट्राच्या बैठकीत, दोहोंकडे, ओळ ही सुरुवात असते आणि अर्थ कलावंताने तयार करायचा असतो.

'मी' कोण?

आता साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न. लावणीत बोलणारी 'मी' बहुधा स्त्री असते. लिहिणारा शाहीर पुरुष असतो, आणि शेवटच्या कडव्यात आपली नाममुद्रा घालून तो गाण्यावर सही करतो. गाणारी पुन्हा स्त्री असते. तिची सही गाण्यात कुठेच नसते. श्रोत्यांसमोर मात्र तीच असते. त्यामुळे शब्दांतला शृंगार तिच्या चारित्र्याच्या खात्यावर मांडला जातो आणि शब्दांतली प्रतिभा शाहिराच्या. नफा एकाचा, बदनामी दुसरीची, असा हा हिशेब आहे.

पियाफच्या बाबतीत हेच झाले, थोड्या वेगळ्या रीतीने. आसोने, एमेरने, पुढे शार्ल द्युमोंच्या चालीवर मिशेल व्होकेरने तिच्यासाठी 'मी' लिहिली, आणि लोकांनी ती 'मी' म्हणजे पियाफच असे मानले. तिने स्वतःही हा समज आवरला नाही. उलट तो जोपासला. तरी कर्तृत्वाच्या नोंदीत ती कुठे होती? 'ला वी आँ रोज' हे तिचे सर्वांत गाजलेले गाणे १९४५ चे. शब्द तिचे, आणि चालही तिनेच गुणगुणून बसवलेली असे सामान्यतः मानले जाते. पण फ्रान्समधील गीतकार-संगीतकारांच्या संस्थेची संगीतकारासाठीची परीक्षा तिने उत्तीर्ण केलेली नव्हती. म्हणून चाल लुईगी या संगीतकाराच्या नावे नोंदली गेली. स्वरलिपी न जाणणाऱ्या गळ्याला चाल सुचू शकते. नोंदवहीत ती बसू शकत नाही.

इथे होनाजी बाळाची आठवण होणे अपरिहार्य आहे. होनाजी बाळा हे एका माणसाचे नाव नव्हे. होनाजी शिलारखाने हा कवी, आणि बाळा करंजकर हा त्याच्या रचना गाणारा. जातीने गवळी असलेल्या होनाजीने गाणाऱ्याचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले आणि मराठीने ते दोनशे वर्षे जोडलेलेच ठेवले. व्ही. शांताराम यांनी १९५१ मध्ये होनाजीवर 'अमर भूपाळी' काढला, आणि पुढच्या वर्षी तो फ्रान्सच्याच कान महोत्सवात दाखवला गेला. म्हणजे गाणाऱ्याला निर्मितीतला भागीदार मानण्याची प्रथा आपल्याकडे अगदीच नव्हती असे नाही. ती पुरुष गायकाच्या बाबतीत होती.

अभ्यासक्रमात पेशवेकालीन शाहिरी काव्य आपण शिकवतो. रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. या काव्याने जातींच्या भिंती कशा ओलांडल्या हे सांगताना आपल्याला धन्यता वाटते, आणि ती अनाठायी नाही. पण ही काव्ये ज्यांच्या गळ्यातून पिढ्यान्‌पिढ्या वाहत आली त्या बायकांपैकी एकीचेही नाव या टिपणांत सापडत नाही. भिंती ओलांडल्या त्या लिहिणाऱ्यांनी. गाणाऱ्या भिंतीच्या त्याच बाजूला राहिल्या. वर्गात मार्गासनी, विंझर, गुंजवणे अशा गावांतून आलेली मुले असतात. जत्रेला तमाशाची सुपारी देण्यावरून पंचांत होणारी चर्चा त्यांनी घरात ऐकलेली असते. लावणी म्हणजे काय हे त्यांना पुस्तकाआधी माहीत असते. परीक्षेत मात्र ती लावणीची व्याख्या लिहितात, वैशिष्ट्ये लिहितात, आणि ऐकलेले सगळे वर्गाबाहेर ठेवतात. लावणी हे कागदावरचे काव्य आहे असे आपणच त्यांना शिकवलेले असते.

प्रतिष्ठा कोण देतो?

दोघींच्या काळातल्या व्यवस्थांनी त्यांच्याशी कसा व्यवहार केला, हेही पाहण्यासारखे आहे. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर लगेचच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली गेली, संहिता आधी तपासून घेण्याची अट आली आणि तमाशा 'शुद्ध' होऊन परतला. यात लक्षात घेण्याजोगी बाब अशी की तपासली गेली ती संहिता. बैठकीच्या लावणीत संहिता ही सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट असते, हे आपण वर पाहिले. अदेची पूर्वतपासणी कशी करणार? शासनाला जे वाचता येत होते तेच त्याने तपासले.

पियाफच्या कलाप्रकारावर फ्रान्समध्ये अशी सरसकट बंदी आली नाही. उलट दुसऱ्या महायुद्धानंतर ती राष्ट्राचा आवाज झाली, १९४७ पासून अमेरिकेत गायली, ऑलिम्पिया हे रंगगृह आर्थिक संकटात असताना १९६१ च्या आरंभी तिथे प्रयोग करून तिने ते सावरले. 'नों, ज न रग्रेत रियाँ' हे तिने फ्रेंच परदेशी पलटणीला अर्पण केले होते. एप्रिल १९६१ मध्ये अल्जीरियातील फसलेल्या उठावानंतर तळ सोडताना त्याच पलटणीचे सैनिक ते गात निघाले, असे सांगितले जाते. गाणे एकदा लोकांत गेले की ते कुणाच्या तोंडी जाईल यावर गाणारीचा ताबा राहत नाही. १० ऑक्टोबर १९६३ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये तिचे निधन झाले. पार्थिव गुपचूप पॅरिसला आणले गेले आणि मृत्यूची नोंद तिथली, ११ तारखेची झाली. जन्माची आख्यायिका दाखल्याशी जुळत नाही आणि मृत्यूचा दाखला वस्तुस्थितीशी. घटस्फोटित असल्यामुळे पॅरिसच्या आर्चबिशपने तिच्यासाठी मृतात्म्याच्या प्रार्थनेला परवानगी नाकारली. पेर लाशेझ दफनभूमीकडे हजारोंचा लोंढा लोटला. धर्माने नाकारले आणि शहराने स्वीकारले.

त्या दिवशी यमुनाबाईही सत्तेचाळीस वर्षांच्याच होत्या. त्यांच्यासमोर अजून चोपन्न वर्षांहून अधिक आयुष्य होते. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला १९९५ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर. पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, शहाण्णव वर्षे पूर्ण झाल्यावर. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, वाईतच त्यांचे निधन झाले. शासनाने त्यांचा गौरव केला हे खरे. पण तो स्वीकारायला त्या हयात राहिल्या, हे त्यांच्या प्रकृतीचे श्रेय आहे. व्यवस्थेच्या तत्परतेचे नव्हे. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या असत्या तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला त्याची दखलही लागली नसती. पियाफचे सत्तेचाळीस वर्षांचे आयुष्य आणि यमुनाबाईंचे सत्तेचाळीस वर्षांचे आयुष्य यांतला खरा फरक इथे दिसतो.

तबकडी आणि शिष्या

हा फरक केवळ जातीचा किंवा देशाच्या संपत्तीचा नाही. त्यात माध्यमाचाही भाग आहे. त्या काळची तबकडी साधारण तीन मिनिटांची. फ्रेंच गाणे त्या तीन मिनिटांत तंतोतंत बसत होते, नव्हे, त्यासाठीच बांधले जात होते. पियाफची शेकडो ध्वनिमुद्रणे उरली आहेत. बैठकीच्या लावणीत एका पालुपदालाच तीन मिनिटे पुरत नाहीत; शिवाय तिचा अर्धा अर्थ डोळ्यांत आणि हातांत असतो. तो मेणाच्या तबकडीवर कसा उमटणार? तिथे संग्रहाचे साधन एकच : समोर बसून शिकणारी शिष्या. वडीलधारी बाई एक अदा दाखवते, मुलगी ती उचलते, आणि तिच्या अंगावर ती थोडी बदलते. ही साखळी तुटली की ग्रंथालयातली छापील लावणी राहते, पण ती गायची कशी हे कुणालाच ठाऊक नसते. अलीकडच्या काळात भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी 'संगीत बारी'तून याच कलावंतांना त्यांच्या नावानिशी रसिकांपुढे आणले. हे काम विद्यापीठांच्या मराठी विभागांबाहेर झाले, याची नोंद आपण घ्यायला हवी.

आता पुन्हा आरंभीच्या प्रश्नाकडे. २००७ साली पियाफवर निघालेल्या फ्रेंच चित्रपटाला जगभर दाद मिळाली, आणि तिची भूमिका करणाऱ्या मारियों कोतियारला ऑस्कर मिळाले. चित्रपटात जी पियाफ दिसते ती मुख्यतः सोसणारी आहे : मुलीचा मृत्यू, मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दांचा १९४९ चा विमान अपघात, मॉर्फिन, व्यसने. आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांचे नाव निघाले की पडद्यामागे बाळंत होऊन पुन्हा रंगमंचावर गेलेल्या विठाबाईंची कथा सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या या कलावतीचे वगातले काम कसे होते, आवाजाची जात कोणती होती, यावर तितकेसे लिहिले गेलेले नाही. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हाही चर्चा मुख्यतः त्यांच्या हलाखीची झाली.

या कथा खोट्या आहेत असे नाही. त्या सांगू नयेत असेही नाही. पण दुःखाने गाणे येते असा त्यांचा जो सूर असतो तो इतिहासाला धरून नाही. बेलव्हिलच्या रस्त्यांवर उपाशीपोटी गाणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. कोल्हाट्यांच्या पालांतही होत्या. त्यांतून पियाफ आणि यमुनाबाई झाल्या, त्या सोसल्यामुळे नव्हे, तर शिकल्यामुळे. एकीला मोनो आणि आसो भेटले; दुसरीला आई आणि बैठकीची परंपरा. दया दाखवणे सोपे असते, कारण दयेला कान लावून ऐकावे लागत नाही. कलेचे श्रेय द्यायचे तर आधी ती कला समजून घ्यावी लागते.

तेव्हा एक छोटीशी सूचना करावीशी वाटते. शाहिरी काव्याच्या तासाला रामजोशी-होनाजींची पाने उघडण्यापूर्वी यमुनाबाईंचे जे काही ध्वनिचित्रमुद्रण हाती लागेल ते लावावे, आणि विद्यार्थ्यांना एकच काम द्यावे : ओळ किती वेळा आली, आणि दर वेळी तिचा अर्थ काय झाला, हे लिहून काढा. ज्यांना जमेल त्यांनी शेजारी पियाफचे एखादे गाणे ऐकवावे. भाषा न कळल्याने काही बिघडत नाही. मग शाहिराचे नाव फळ्यावर लिहावे, आणि त्याच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, गाणारीचे.